ओल्या प्लास्टरचा वास

पिंपाचं झाकण उघडलं, पांढऱ्या भुकटीचा हलका ढग नेहमीसारखा तोंडावर आला, आणि तिच्या तोंडाला पाणी सुटलं नाही. एवढंच झालं. कुणाला सांगायला जावं तर ऐकणारा म्हणेल, बाई गं, मग यात बिघडलं काय? प्लास्टर बघून कुणाच्या तोंडाला पाणी सुटतं का? पण तिच्या सुटत होतं. गेले दोन-तीन महिने हे झाकण उघडताना तिला एका हाताने टेबलाची कड धरून ठेवावी लागायची. रबरी वाटीत भुकटीवर पाणी ओतलं की जो थंड, किंचित आंबूस, नुकत्या बांधलेल्या रिकाम्या खोलीसारखा वास उठायचा, तो नाकाने घ्यावा की दातांनी, हेच तिला कळेनासं व्हायचं. आज तिने भुकटी घेतली, पाणी ओतलं, घोटलं. वास आला. वास तोच होता. प्लास्टरचा वास होता, बस. पलीकडच्या टेबलावर मेणात दात बसवणाऱ्या मुलीचं लक्ष नाही असं पाहून तिने वाटी पुन्हा नाकाशी नेली, छाती भरून हुंगली, आणि टेबलावर ठेवून दिली. ती स्टुलावर बसली.

दातांच्या या कारखान्यात ती पंधरा वर्षं होती. कारखाना हा तिच्या नवऱ्याचा शब्द. बाहेरच्या पाटीवर प्रयोगशाळा असं लिहिलं होतं. गावभरचे दातांचे डॉक्टर रोग्यांच्या तोंडात मऊ लगदा दाबून ठसे घ्यायचे आणि इकडे पाठवायचे. त्या ठशांत प्लास्टर ओतायचं, हवेचा बुडबुडा राहू नये म्हणून थरथरणाऱ्या पाटावर धरायचं, घट्ट झालं की सोडवायचं. मग एका परक्या माणसाचा अख्खा जबडा पांढराशुभ्र होऊन हातात यायचा. त्यावर पुढे बाकीचे लोक कवळ्या आणि टोप्या करायचे. घट्ट होताना प्लास्टर आपसूक तापतं. बाहेरून कुणी आच दिलेली नसते, तरी तळहाताला चांगली ऊब लागते. ती ऊब गालाला लावून बघायची तिला पहिल्यापासून सवय होती. ऊब चढली, टिकली आणि उतरली की समजायचं, झालं, आता हे काही हलत नाही. आजही तिने पहिला जबडा गालाला लावला आणि तो निवेपर्यंत तशीच बसून राहिली. मेणवाली पोरगी म्हणाली, "काय हो, झोप लागली का जबड्यावर?" तेव्हा ती उठली आणि दुसरा ठसा हातात घेतला.

बायकांच्या डोहाळ्यांनाही एक रीत असते. आंबट खावंसं वाटावं, गोड खावंसं वाटावं, फार तर भलत्या ऋतूत कलिंगड मागावं. म्हणजे घरच्यांना धावपळ करता येते आणि चारचौघांत कौतुकाने सांगता येतं. प्लास्टर खावंसं वाटतं हे कुणाच्या तोंडावर सांगणार? सुरुवातीला तिने स्वतःलाही सांगितलं नव्हतं. मोडक्या जबड्यांच्या टोपलीतला एक कपचा सहज जिभेला लावला. दुसऱ्या दिवशी चोखला. तिसऱ्या दिवशी कडकन फोडला, आणि दाढेखाली ती भुकटी ओली होऊन पसरली तेव्हा तिच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं, इतकं बरं वाटलं. सगळ्या अंगाला हवं होतं ते हेच. घरी सासू म्हणायची, डोहाळे म्हणजे आपले नसतात गं, आतल्याची फर्माईश असते ती, आपण नुसते हमाल. ती हसायची आणि मनात म्हणायची, आई, तुमच्या नातवाला भिंत हवी आहे. पण त्या हसण्याखाली एक मोठं समाधान असायचं. कुणीतरी मागतंय. म्हणजे कुणीतरी आहे.

आता कुणी मागत नव्हतं. हे वाक्य तिच्या डोक्यात आलं आणि तिने ते माशी हाकलावी तसं हाकललं, पण माशीच ती, फिरून तिथेच बसायची. कारण हे तिच्या ओळखीचं होतं. चार वर्षांपूर्वी, पहिल्या वेळी, तिला बर्फ लागायचा. साधा बर्फ नव्हे. फ्रीजच्या वरच्या कप्प्यात भिंतींना जो भुसभुशीत पांढरा थर धरतो, तो. चमच्याने खरवडून खायची. कप्पा कसा आरशासारखा लखलखीत असायचा. नवरा म्हणायचा, फ्रीज साफ करायला माणूस ठेवायला नको, देवाने पाठवलाय. मग एक दिवस तो भाजीला बर्फ चिकटला म्हणून कुरकुरत होता, तेव्हा तिने वाकून पाहिलं तर कप्प्यात बोटभर जाड थर साचला होता. म्हणजे कितीतरी दिवस तिने चमचा लावला नव्हता आणि तिच्या ते लक्षातही आलं नव्हतं. त्या आठवड्यात सगळे केवढे खूश होते! मळमळ थांबली, चेहऱ्यावर तेज आलं, आता बाईसाहेब माणसांत आल्या. आठवड्याच्या शेवटी डॉक्टरीणबाईंनी तिच्या पोटावर थंडगार चिकट मलम लावलं, ते यंत्र फिरवलं, पडद्याकडे बघत आपल्या लेकीच्या नव्या बुटांची गोष्ट सांगायला लागल्या, की दुकानात गेलो तर बाईला लाल रंगच हवा, आणि दुकानदार म्हणाला... आणि त्या थांबल्या. दुकानदार काय म्हणाला ते तिला कधीच कळलं नाही. नंतर रडणं झालं, रक्त झालं, कपडे धुणं झालं, पण सगळ्यात आधी ते अर्धं वाक्य झालं होतं. तेव्हापासून कुणी बोलता बोलता थांबलं की ती हातातलं काम टाकून त्याच्या तोंडाकडे बघत राहायची.

तिने दुसरा ठसा भरला, तिसरा भरला. हात आपोआप चालत होते. चौकशीच करायची म्हटलं तर दवाखाना हाकेच्या अंतरावर होता. पुढच्या आठवड्याची तारीख होती, पण आज गेलं तर कुणी नाही म्हणणार नव्हतं. ती जात नव्हती, कारण गेलं की थांबलेलं वाक्य ऐकावं लागणार. आणि जोवर गेलं नाही तोवर ती पाचव्या महिन्यातली बाई होती, जिला बसमध्ये लोक जागा देतात. शिवाय दुसराही एक धागा होता, आणि बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तसा तिने तो धरून ठेवला होता. डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं होतं: अंगात लोह कमी पडलं की असली खा-खा सुटते, माती, चुना, बर्फ. गोळ्या घ्या नेमाने, काही आठवड्यांत आपोआप थांबेल. मग थांबली. गोळ्या लागू पडल्या. यात रडण्यासारखं काय? हा हिशोब इतका सरळ होता की ती तो स्वतःला पुन्हा पुन्हा समजावत राहिली, आणि दर वेळी शेवटच्या पायरीवर तिचं मन नंदीबैलासारखं मान हलवायचं आणि जागचं हलायचं नाही. कारण नुसती चव गेली नव्हती. सकाळी आंघोळीच्या वेळी छाती दुखली नव्हती. कालपर्यंत नुसता टॉवेल लागला तरी ती कळवळायची. अंगात एक पाहुणा आल्यासारखी जी दाटी होती ती ओसरली होती, आणि घर पुन्हा मोठं मोठं वाटत होतं.

टोपली आता खोलीत नव्हती. ती मास्तरांनी आपल्या टेबलाखाली नेऊन ठेवली होती, आणि त्यालाही कारण तीच. मास्तर म्हणजे इथले मुख्य. सगळ्यांना त्यांनीच शिकवलेलं. या धंद्यात नवीन माणूस आला की पहिल्यांदा त्याच्याच तोंडाचा ठसा घेतात, एकमेकांवर हात बसवायला. त्यामुळे खिडकीशेजारच्या फळीवर सगळ्यांचे जबडे ओळीने मांडलेले असतात. चेहरा विसरतील पण दात विसरणार नाहीत अशी ही मंडळी. आणि इतकी वर्षं हेच काम करून बाई विसरली ती नेमकी हीच गोष्ट! कपचा खायची, उरलेला तुकडा परत टोपलीत टाकायची. एका दुपारी मास्तरांनी टोपलीतून एक तुकडा उचलला, उजेडाला धरला, चष्मा वर केला, आणि फळीपाशी जाऊन तिचा जबडा उतरवला. वरचा डावा सुळा जरा बाहेर आलेला, शेजारच्या दाताचा कोपरा उडालेला. तो जबडा त्यांनी तुकड्यावरच्या खुणांवर ठेवला. चपखल बसला. "हा घास तुझा आहे," ते म्हणाले. मेणवाली आधी फिस्सकन हसली आणि मग हिचा चेहरा पाहून तिने मान खाली घातली. लाज म्हणजे काय ते हिला त्या दिवशी कळलं. उघड्यावर कपडे बदलताना कुणी पाहावं तसं वाटलं. संध्याकाळी मास्तरांनी तिच्या घरी फोन केला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "मला राहवलं नाही पोरी. राग यायचा तर येऊ दे." तिला राग आला नव्हता. त्यांच्या जागी तिनेही तेच केलं असतं.

त्यानंतर घरात जो पहारा बसला, त्याला तोड नव्हती. नवरा लिफ्ट तपासणारा सरकारी निरीक्षक. दोर किती जाड, वजन किती पेलेल, दार नीट लागतं की नाही, हे बघून सही करायची किंवा लिफ्ट बंद ठेवायची, हे त्याचं आयुष्य. जगातली प्रत्येक वस्तू एक दिवस तुटणार आहे असं गृहीत धरूनच तो सकाळी उठायचा. त्याने वाचून काढलं: या माशात पारा, त्या चीजमध्ये जंतू, कॉफीने ठोके वाढतात, कच्चं म्हणजे साक्षात विष. सासूचं शास्त्र वेगळं: थंड नको, उष्ण पडेल असं नको, आंबट नको, शिळं नको आणि बाहेरचं तर नावच नको. दोघांच्या नकारांची बेरीज केली की शिल्लक उरायच्या त्या उकडलेल्या भाज्या आणि दूध. ती एकदा म्हणाली होती, "तुम्ही दोघं मिळून मला हवा तरी खाऊ द्याल ना?" तर नवरा गंभीरपणे म्हणाला, "गर्दीच्या रस्त्यावरची नको." तिने हसून घेतलं. दोघं वाईट नव्हती. दोघांच्याही डोळ्यांत तो जुना आठवडा बसला होता, आणि दूध, उकडलेल्या भाज्या आणि मनाई याखेरीज त्यांच्या हातात होतं तरी काय?

दुपारी तिने डबा उघडला आणि सगळा संपवला. गाजर, दुधी, कसलीतरी बेचव डाळ. महिनाभर ती अर्ध्याहून जास्त डबा मेणवालीच्या गळ्यात घालत होती. मेणवाली रिकाम्या डब्याकडे पाहून म्हणाली, "अरे वा! आज तर चाटूनपुसून! आता बघा कसं गुटगुटीत होतंय ते." ती म्हणाली, "हो ना." आणि तेव्हा तिच्या मनात तो प्रश्न आला जो सकाळपासून दाराबाहेर उभा होता. खाल्लं म्हणून झालं, की खायचं थांबवलं म्हणून झालं? ते पांढरं विष पोटात गेलं म्हणून? की आतल्याने एकच गोष्ट मागितली, एकच, आणि आपण सगळ्यांनी मिळून त्याला नाही म्हटलं, म्हणून तो रुसून गेला? दुसरा विचार निव्वळ वेडेपणाचा होता हे तिला कळत होतं. पण पहिल्यापेक्षा तोच जास्त दुखत होता. पहिल्यात निदान त्याला काहीतरी मिळालं तरी होतं.

मास्तर बाहेर गेले तेव्हा ती त्यांच्या टेबलाखाली वाकली, टोपलीतून कुणाच्या तरी दाढांचा एक मोठा तुकडा काढला आणि मोरीत जाऊन कडी लावली. चोरी करताना जी धडधड व्हायची तीसुद्धा झाली नाही. तिने तुकडा पाण्याखाली धरला, ओला केला, डोळे मिटले, आणि भूक लागल्यासारखं तोंड करून तो चावला. भुकटी दाढेत बसली. खडूसारखी, कोरडी, बेचव. चावत राहिलं तर आठवेल म्हणून तिने चावलं, आत कुणी झोपलं असेल तर या आवाजाने तरी जागं होईल म्हणून मुद्दाम कडकड चावलं. उठ, हे बघ, तुझं आहे, कुणी बघत नाहीये, उठ. मग तिला उमासा आला आणि तिने सगळं थुंकून टाकलं. नळाचं पाणी बराच वेळ पांढरं वाहत होतं.

घरी जाताना वाटेत एका इमारतीला गिलावा चालू होता. गेले कितीतरी दिवस ती हा रस्ता टाळून लांबच्या गल्लीने जायची, कारण ओल्या भिंतीजवळून जाताना स्वतःची खात्री वाटायची नाही. आज ती भिंतीला लागून, पराती आणि पाट्यांच्या मधून, गवंड्यांनी "बाजूने जा हो ताई" म्हणेपर्यंत तशीच चालत गेली. एका ठिकाणी तिने ओल्या भिंतीवर तळवा टेकवला. थंड होती. गवंडी ओरडला, "अहो, खूण उमटली की!" आणि थापीच्या एका फटक्यात त्याने ती पुसून टाकली.

नवरा आधीच आलेला होता. त्याने तिच्या हातातून डबा घेतला, हलवून पाहिला, उघडून पाहिला. "सगळा?" तो म्हणाला. "सगळा," ती म्हणाली. त्याचा चेहरा असा फुलला की तिला तिकडे बघवेना. "आणि ते दुसरं? ते... खावंसं वाटतं का अजून?" तो हा प्रश्न नेहमी भिंतीकडे बघत विचारायचा. आज तिच्याकडे बघत विचारला. "नाही. आज अजिबात नाही वाटलं." "बघ! मी म्हणत होतो की नाही? गोळ्या लागू पडल्या. आई, ऐकलंस का? तिची ती खा-खा थांबली!" स्वयंपाकघरात कुठलासा डबा सरकल्याचा आवाज आला. तो तिच्या खांद्यावर थोपटत राहिला. पहिल्या वेळेनंतर वर्षभर हा माणूस पायऱ्यांनी चढायचा, तपासायच्या लिफ्टखेरीज कुठल्याही लिफ्टमध्ये पाऊल ठेवायचा नाही. आणि आता त्याचा हात इतका हलका झाला होता. सांगून टाकावं असं तिच्या ओठांशी आलं. मग तो गुणगुणत पंखा लावायला गेला आणि ते तिथेच राहिलं.

"जरा आत ये गं," सासूने हाक मारली. ती आत गेली तशी सासूने दार लोटून घेतलं आणि तिला स्टुलावर बसवलं. "आवाज करू नकोस. त्याला कळलं तर मलाच उपाशी ठेवेल." पिठाच्या डब्यामागून तिने रुमालाची एक पुरचुंडी काढली आणि तिच्या मांडीवर ठेवली. आत विटकरी रंगाचे, नखाएवढे, बोटाएवढे मातीचे तुकडे होते.

"काय आहे हे आई?"

"कुंडी आहे. म्हणजे होती. बाजारातून नवी कोरी आणली, धुतली, फोडली, परत धुतली आणि तव्यावर चांगली भाजली. यात जंतू जिवंत राहिला असेल तर त्याचा सत्कार करू." सासू तिच्यासमोर पाटावर टेकली. "प्लास्टर नको बाई, त्यात काय काय घालत असतील. पण मातीने कुणी मेलं नाही. याच्या वेळेला मी पाटीवरच्या पेन्सिली खायचे, ठाऊक आहे? डबेच्या डबे. तुला मी हे नको ते नको करते, पण तू भिंतीकडे तोंड करून निजतेस ते मला दिसत नाही का? थांबली म्हणून त्याला सांगितलंस ते बरं केलंस. पुरुषांना तेवढंच सांगावं. घे. उद्या पोराची लाळ गळायला लागली की लोक म्हणतील आजीने डोहाळे पुरवले नाहीत."

तिने सासूच्या चेहऱ्याकडे पाहिलं. कडक शिस्तीची बाई, आणि आज सणाच्या दिवशी लहान मूल दिसावं तशी दिसत होती. बाजारापर्यंत जायचं म्हणजे त्या गुडघ्यांना केवढा त्रास. तिने एक तुकडा उचलला. तोंडात घातला, दाढेखाली धरला, चावला. माती भाजल्याचा चांगला खरपूस वास होता आणि चव कसलीच नव्हती. तिने तो नीट बारीक करून गिळला, ओठांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "छान आहे." सासू हसली. तिने दुसरा उचलला. "खरंच छान झालंय, आई." पदराच्या टोकाने तोंड टिपलं, मांडीवर पडलेला कण झटकला, आणि तिसऱ्या तुकड्याकडे हात नेला.

सासूने रुमालावर हात ठेवला. ओठांवर अजून हसू होतं, पण डोळ्यांतून गेलं होतं. तिने उभ्या आयुष्यात खूप बायका पाहिल्या होत्या. जिला मातीची ओढ असते ती मातीला छान म्हणत नाही. ती तोंड टिपत नाही. ती समोरच्याकडे बघतसुद्धा नाही, आणि रुमालातला चुरादेखील बोटाने टिपून खाते. हे तर परक्याच्या घरी बिस्किट खाल्ल्यासारखं चाललं होतं.

"पुरे," सासू म्हणाली.

"खाते ना मी."

"नको खाऊस. माती आहे ती."

तिने हात मागे घेतला. सासू रुमालाची टोकं एकावर एक आणत होती, पण गाठ काही बसेना. दोघीही त्या गाठीकडेच बघत होत्या.

"कधीपासून?"

"आज सकाळी कळलं. काल असेल. परवाही असेल."

सासूने गोळ्यांचं नाव काढलं नाही, धीर दिला नाही, असं काही नसतं गं म्हणून उडवून लावलं नाही. आणि ती आत्तापर्यंत धरून बसलेली काडी तिच्या हातातून आपोआप सुटली. तिला रडू आलं नाही. फक्त आपण किती थकलोय हे कळलं. सासूने तिचं मनगट घट्ट धरलं, इतकं की बांगडी रुतली.

बाहेरून नवऱ्याचा आवाज आला, "काय शिजतंय सासू-सुनेचं? मला आज सणसणीत भूक लागलीय हं!"

"आले रे," सासू म्हणाली. आवाज रोजचाच होता. मग ती वाकली आणि तिच्या कानाशी हळू म्हणाली, "सकाळी जाऊ. मी येते बरोबर. आज त्याला पोटभर जेवू दे."